तहान नाही

एस.टी. चहासाठी थांबली होती. पुढच्या सीटवरच्या काकू "आलेच हं" म्हणून खाली उतरल्या आणि काका त्यांची पर्स मांडीवर घेऊन संत्रं सोलत बसले. बराच वेळ झाला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तसं कंडक्टरने विचारलं, "कुणी राहिलंय का?"

"आमची ही राहिलीय. येईल," काका म्हणाले आणि फोडीवरचे दोरे काढू लागले. खिडकीबाहेर त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

पाहत मी होते. माझा नवरा अजय शेजारी डुलक्या घेत होता. नजरेआड गेलेलं माणूस परत येतं, हे काकांना इतकं पक्कं कसं ठाऊक? लग्नाला सहा वर्षं झाली, तरी अजयने फोन उचलला नाही की मी पुन्हा लावते, मग पुन्हा. "अगं, मीटिंगमध्ये होतो," तो म्हणतो आणि मी त्याचा आवाज तपासत राहते. तो मला सोडून कधीच कुठे गेलेला नाही. तरी रोज तो दाराबाहेर पडला की तो वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीत उभी राहते.

काकू आल्या. उशीर का झाला, हे त्यांनी सांगितलं नाही, काकांनी विचारलं नाही. अर्धं संत्रं तेवढं त्यांच्या हातात ठेवलं.

पुढच्या स्टँडवर अजय उठला. "पाण्याची बाटली आणतो. तुला तहान लागली असेल."

मी त्याची बाही धरली. "नको. मला तहान नाही."

घशाला पार कोरड पडली होती.