बांगड्यांची डोकी

आंब्याला मोहोर आला की बाबा मांडवीच्या कोळणींकडून बांगड्यांची डोकी आणून कलमांखाली टाकतात. वासाला माशा येतात, मोहोरावर बसतात आणि मगच फळ धरतं, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी माझे साहेब बागेत जेवायला येणार होते आणि मला त्या घाणीची लाज वाटली. कसली डोंबलाची लाज! बाबा बाहेर गेल्यावर मी डोकी पुरली आणि मोहोरावर माशा मारायचं औषध फवारलं.

साहेब खूश झाले. मोहोर नुसताच वाळून झडला.

"थंडीच पडली नाही हो," असं बाबा येईल त्याला सांगतात आणि मी मान डोलावतो. पण त्या दिवशी फवारणीचा पंप मी न धुताच टाकला होता. दुसऱ्या दिवशी तो धुऊन पालथा घातलेला दिसला. घरात आम्ही दोघंच राहतो.