गोकुळ रोडवरचं शून्य

सॉफ्टवेअरवाल्यांकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. दिवसभर स्क्रीनकडे बघत बसायचं, त्यात घडणार काय? या एकदा गोकुळ रोडला! खाली लेथचं वर्कशॉप, वर आमचं ऑफिस. दवाखाने आणि शाळांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. माझ्या शेजारच्या टेबलावर सुमा, घरी कन्नड, ऑफिसात कन्नड-मराठी दोन्ही. चहाच्या वेळी कुणीही एक किस्सा काढतो आणि चहा गार होतो. गंमत म्हणजे बहुतेक किश्श्यांत गुन्हेगार एकच. शून्य!

*

देशपांडे नगरातलं एक प्रसूतिगृह. सकाळी बाळ जन्मलं. नर्सबाईंनी वय टाकलं, शून्य. आमचा प्रोग्रॅम म्हणाला, "वय भरा." पुन्हा शून्य टाकलं. पुन्हा, "वय भरा!" कारण आमच्यातल्याच एकानं कोडमध्ये लिहून ठेवलं होतं की वय शून्य असेल तर रकाना रिकामा समजावा. नर्सबाई वैतागल्या, त्यांनी एक टाकलं. प्रोग्रॅम खूश!

दुपारी डॉक्टरांचा फोन. "सकाळी जन्मलेलं बाळ तुमच्याकडे वर्षाचं झालंय. वर लाल अक्षरात लिहून येतंय, वजन फार कमी! संध्याकाळपर्यंत त्याचं लग्नच लावून टाकू का?"

सुमानं लगेच कोड बदलला आणि भिंतीवरच्या फळ्यावर कन्नडमध्ये लिहिलं, "सोन्ने बेरे, खाली बेरे." शून्य वेगळं, रिकामं वेगळं. आमच्याकडे नवीन येणाऱ्याला आधी तो फळा दाखवतात, मग त्याची खुर्ची.

*

आम्ही लोक मोजायला शून्यापासून सुरुवात करतो. यादीतला पहिला म्हणजे शून्य नंबरचा. कोडमध्ये हे अगदी बरोबर. पण विद्यानगरच्या एका दवाखान्यात आमचं टोकन मशीन बसलं आणि पहिलं टोकन बाहेर आलं, शून्य!

ते मिळालं एका रिटायर्ड सरांना. त्यांच्या मागच्या गृहस्थांना एक नंबर. झालं, ते गृहस्थ उठून उभे. "एक नंबर माझा. आधी मी जाणार!" रिसेप्शनवरची मुलगी गोंधळली, रांगेत बाचाबाची सुरू झाली. मी मशीन बसवायला गेले होते, मी समजावायला पुढे झाले.

सरांनी मलाच थांबवलं. "जाऊ दे त्यांना, बाळ. एकाच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे मीच शिकवलंय."

*

शाळेच्या बसचं ॲप. बस कुठे आहे ते आईवडिलांना मोबाईलवर दिसायचं. एकदा सिग्नल गेला आणि प्रोग्रॅमनं जागेच्या दोन्ही आकड्यांत, अक्षांश-रेखांशात, शून्य भरलं. नकाशावर शून्य-शून्य म्हणजे आफ्रिकेजवळचा भर समुद्र!

अण्णांना एका आईचा फोन. "अहो, माझी मुलगी समुद्रात दिसतेय!"

अण्णांनी दुसऱ्या फोनवरून ड्रायव्हरला गाठलं. बस शाळेच्या फाटकात उभी होती, मुलं उतरत होती. अण्णा म्हणाले, "पोचली हो ताई. कोरडी आहे!"

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला विनोद सुचतोय. मी अनवाणीच रस्त्यावर धावत आलेय." अण्णांचा चेहरा उतरला. सिग्नल नसेल तर 'बस शेवटी इथे दिसली' एवढंच दाखवायचं, हा बदल त्या दिवशी अण्णांनी स्वतः बसून केला.

*

अण्णांचे वडील, अप्पा, अधूनमधून ऑफिसात येऊन बसतात. एकदा आठवडाभर अडलेला प्रोग्रॅम शेवटी चालला. काम नीट पार पडलं की प्रोग्रॅम शून्य परत देतो, तीच पोचपावती. सुमा ओरडली, "झिरो आलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवलं.

अप्पा बराच वेळ बघत होते. मग अण्णांकडे वाकून म्हणाले, "मग सातवीत गणितात एवढंच पडलं तेव्हा रडत कशाला आलास?"

*

धारवाडचा एक डोळ्यांचा दवाखाना. पेशंटच्या वाढदिवसाला तिथून शुभेच्छांचा मेसेज जायचा. ज्यांची जन्मतारीख कुणी विचारलीच नव्हती, त्यांच्या रकान्यात शून्य बसलं होतं. आणि कॉम्प्युटरच्या तारखांचं शून्य म्हणजे एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर. त्यामुळे एक जानेवारीला सकाळपासून दवाखान्याचा फोन थांबेना. "आज माझा वाढदिवस नाही हो!" सुमा आणि मी धावत पोचलो.

तारीख नसेल तर मेसेज नाही, एवढीच दुरुस्ती. सुमानं ती लिहून संपवली आणि तेवढ्यात गौराक्का आत आल्या. सत्तरीच्या पुढच्या. घडी मोडलेली इरकल साडी, हातात पेढ्यांचा पुडा. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच झालेलं.

"डॉक्टर, शेजारच्या पोरीनं तुमचा मेसेज वाचून दाखवला," त्या म्हणाल्या. "आम्ही इतकी भावंडं, कोण कधी जन्मलं कुणी ध्यानात ठेवलं नाही. आई एवढंच म्हणायची, थंडीत झालीस. वडिलांना विचारलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही बरोबर शोधून काढलंत बघा!"

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. सुमानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग पेढा तोंडात टाकला आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"अक्का, पूर्ण नाव सांगा."

नाव शोधलं, काहीतरी भरलं, आणि मग दुरुस्ती चालू केली.

"काय भरलंस?" मी हळूच विचारलं.

"जन्मतारीख. आजची."

पुढच्या एक जानेवारीला त्या दवाखान्यातून एकच मेसेज गेला.