पाट्यावर वाटलेले जिवाणू

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचं काम म्हणजे जिवाणूंना अंगरखा घालणं. गुरांच्या पचनाला मदत करणारे जिवंत जिवाणू घ्यायचे आणि त्यांच्यावर वनस्पती तुपासारखा पातळ थर चढवायचा, म्हणजे पोटातल्या आम्लात न मरता ते आतड्यापर्यंत पोहोचतात. मोहरीएवढे दाणे तयार होतात. हे मी कुणालाही ऐकवायचो, विचारलं नसलं तरी.

माझी मोठी बहीण बदलापूरच्या पुढच्या गावात राहते. तिच्या म्हशीच्या महिन्याभराच्या पारडीला हगवण लागली. डॉक्टरांना बोलावू का, असं विचारायला ताईने फोन केला. मी म्हटलं, "डॉक्टर कशाला? मी आहे ना!" आणि संध्याकाळी दाण्यांचा पुडा नेऊन दिला. दुधातून दे, एवढंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर पारडी मान टाकून पडलेली, डोळे खोल गेलेले. आणि ताई पडवीत बसून पाट्यावर माझे दाणे वाटत होती, अगदी चटणीसारखे बारीक.

माझं डोकंच सणकलं. "अगं, मारून टाकलेस ते! थर फुटला की पोटात गेल्या गेल्या मरतात!"

"आणि तिच्या घशात अडकले असते मग? वाटू नको म्हणून तू कुठं बोललास?"

नव्हतो बोललो. पुड्यावर छापलं होतं, इंग्रजीत. तरी मी ओरडतच राहिलो, कारण गप्प बसलो असतो तर पारडीकडे बघावं लागलं असतं. शेवटी ताईनेच डॉक्टरांना फोन लावला.

ते यायला तास लागला. पारडीचं पोट हलतंय ना, एवढंच मी बघत होतो. आल्यावर आमचा दाण्यांचा वाद ऐकत त्यांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"अंगात पाणीच नाही हिच्या. दाणे वाटा नाहीतर अख्खे द्या, आधी सलाईन हवं होतं. कधीपासून चालू आहे?"

मी पारडीची मान सावरायला वाकलो.

"आज सकाळपासून," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तीन दिवस," मी म्हणालो. "ही बोलवत होती तुम्हाला. मीच नको म्हटलं."

डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि दुसरी बाटलीही काढून ठेवली.

संध्याकाळी पारडी थरथरत उठली आणि म्हशीच्या कासेला लागली. मला रडूच आलं. ताईने चहा दिला, जेवून जा म्हणाली, सगळं नेहमीसारखं. फक्त आता तिच्या गोठ्यात कुणी आजारी पडलं की मला कळतं ते बरं झाल्यावर.