पहिली फाइल मालकाने उघडायची

अख्ख्या बऱ्हाणपुरात ‘फॉरमॅट’ हा शब्द शिवी समजणारे गृहस्थ एकच, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. इतवाऱ्यातल्या त्यांच्या घरी कोणी तो शब्द उच्चारला, तर मामा त्याच्यासमोरचा चहा उचलून आत नेतात. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या ट्रस्टवर जातात, यांनी सुरू न होणारे लॅपटॉप जवळ केले. दुकानदारांनी ‘सब उड़ाना पड़ेगा’ म्हणून हात झटकले की ते टॉवेलात गुंडाळून मामांकडे येतात. मामा आधी लॅपटॉपला हात लावत नाहीत, मालकाचा कबुलीजबाब घेतात. मग डिस्कची अख्खी नक्कल उतरवतात. त्याला चार-पाच तास लागतात आणि तोवर मालकाने उठायचं नाही, हा दंडक. केळीचा एक बडा व्यापारी, इच्छापूरला दोन ट्रक खोळंबलेले असताना, मामांच्या ओसरीवर मुकाट्याने शेंगा सोलत बसलेला मी पाहिला आहे. “पेशंटजवळ घरचं माणूस पाहिजे ना,” एवढंच मामांचं स्पष्टीकरण.

माझ्यावरही ती वेळ आली. बायको तीन वर्षं खकनारकडच्या गावागावांतून फिरून केळीबागेत काम करणाऱ्या बायांची गाणी गोळा करत होती. प्रबंध द्यायला आठ दिवस उरलेले, सगळं काम तिच्या लॅपटॉपमध्ये, आणि दुसरी प्रत काढीन काढीन म्हणत राहून गेलेली. अशात जागा मोकळी करून तिला खूश करावं म्हणून मी डिस्कवरचा एक चिमुकला, बिननावाचा, रिकामा दिसणारा कप्पा पुसून टाकला. लॅपटॉप पुन्हा सुरू झालाच नाही. बायको रडली नाही, भांडली नाही. नुसती बोलायची थांबली. मला ते जास्त लागलं.

मामांना मी धडधडीत थाप मारली, आपोआप बंद पडला म्हणून. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “अपने आप कुछ नहीं होता, जावईबापू. तुम्ही काय दाबलं ते सांगा.” सांगितलं. मला वाटलं, आता चहा जाणार. पण मामांनी बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. म्हणाले, घर शाबूत आहे, तुम्ही नुसता दरवाजा काढून फेकला. मग नक्कल झाली, मी किलोभर शेंगा सोलल्या, मामांनी पेनड्राइव्हवरून लॅपटॉप जागा केला, पुसलेला कप्पा पुन्हा आखला आणि सुरू होण्याच्या सूचना त्यात नव्याने भरल्या. पडदा उजळला तरी मामा काम झालं म्हणेनात. पहिली फाइल मालकाने उघडायची, हा त्यांचा शेवटचा नियम. बायकोला बोलावणं गेलं. ती आली तसे मामा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्याच्या घरातलं आपण बघू नये म्हणून. एका म्हातारीचं गाणं खोलीत वाजायला लागलं आणि बायको माझ्याशी बोलली. “शेंगा नीट सोलल्या का?” असं विचारलं तिने.

प्रबंध वेळेवर गेला. दुसऱ्या दिवशी मी मावा जिलबी घेऊन मामांकडे गेलो. मामा एकटेच भिंतीकडे तोंड करून बसले होते. टेबलावर मामींचा लॅपटॉप सुरू होता. मामी आजारी असतानाच तो बंद पडला होता. मामांनी तो सुरू केला तोवर मामी राहिल्या नव्हत्या. त्याला दोन वर्षं झाली. मला माहीत नव्हतं, पण मामा रोज तो सुरू करतात, थोडा वेळ तसे बसतात आणि बंद करतात.

मी म्हटलं, “मामा, उघडून बघा ना एखादी फाइल.”

“मालकीण उघडंल ना,” मामा भिंतीकडे बघतच म्हणाले. “आपण कसं उघडायचं?”

एवढ्या हुशार माणसाला काय समजवायचं? जिलबीचा पुडा टेबलावर ठेवला, दुसरी खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून मीही त्यांच्या शेजारी बसलो.