बारोलोची हद्द आणि बगळ्यांची बांधी

वरठीच्या स्टेशनवर गाडी दिसायला लागली तेव्हा बाबांनी मला शेवटची सूचना दिली. "कोणी विचारलं तं अंगुराच्या शेतीचं शिकाले चालली म्हणजो. पुढचं सांगाचं काम नाही." पुढचं म्हणजे त्या द्राक्षांची वाइन करणं. कृषी महाविद्यालय करून, नाशिककडच्या एका वाइनच्या कारखान्यात दोन वर्षं काढून मी पुढच्या शिक्षणाला इटलीला निघाले होते. आमचं गाव कोंढा. तिथं मोहफुलं पडायला लागली की अर्ध्या गावाची नाकं आपसूक रानाकडे वळतात, पण बाबांना लाज वाटत होती ती मुलीच्या दारूची. माझा मोठा भाऊ, दादा, बॅग डब्यात चढवत हसत होता. आईनं एवढंच विचारलं, "रोवण्याले येशीन ना?" धानाची रोपं चिखलात लावायच्या दिवसांत घरचं माणूस बांधीवर, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतावर असावं, असा तिचा हट्ट. मी हो म्हणाले आणि पुढची नऊ वर्षं रोवण्याला गेले नाही.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे गाव सोडून कुठंकुठं पांगलेल्यांनो, तुम्ही मला फोनवर विचारता, तिकडे नेमकं करतेस काय? बाबांचा आदेश मोडून एकदाचं सांगूनच टाकते.

पिएमोंते प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तिथं पिएरो नावाच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या मळ्यात आणि कांतीनात, म्हणजे वाइनच्या तळघरात, मी काम करते. रोजच्या जेवणाला इथं दोल्चेत्तो आणि बार्बेरा पितात. ज्या वाइनसाठी माणसं भांडतात ती बारोलो. तिचे नियम ऐकाल तर आपल्या तहसील कचेरीला माफ कराल. द्राक्ष एकच, नेबियोलो. वेल अकरा गावांच्या हद्दीतच हवा, आणि तोही टेकडीच्या उतारावर. दरीतल्या सपाट, ओल्या जमिनीला ते नाव नाही. थेट उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारालाही नाही. मुरवायचीही त्याच हद्दीत. अडतीस महिने, त्यातले अठरा लाकडाच्या पिपात. मग तपासणी, मग चाखणाऱ्यांची समिती, आणि तेव्हा कुठे बाटलीच्या गळ्याला सरकारी नंबराची पट्टी.

मला यात परकं असं फार काही वाटलं नाही. पिएरो सांगायचा, त्याच्या आज्यानं वेल लावायला जागा निवडली ती बर्फ सगळ्यात आधी कुठं वितळतो ते पाहून. आमचे बाबा पाणी सगळ्यात शेवटी कुठं आटतं ते बघायचे. तलावाखालच्या आमच्या एका बांधीत दिवाळीनंतरही ओल असायची आणि बगळे तिथंच बसायचे, म्हणून ती बगळ्यांची बांधी. दोन्ही म्हातारे कागदाआधी जमीन वाचणारे.

पहिल्याच वर्षी तोडणीच्या वेळी मी घोळ घातला. पिएरोच्या दोन मळ्यांमधून एक कच्चा रस्ता जातो. रस्त्याच्या वर बारोलोची हद्द, खाली नाही. वेल तोच, माती डोळ्यांना तीच, तोडणारी मीही तीच. आमच्याकडे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन्ही बाजूंचं धान एकाच खळ्यावर येतं, त्या सवयीनं मी खालचे क्रेट वरच्या ट्रॉलीत रचून टाकले. पिएरोनं ओरडाआरडा केला नाही. ती सगळी ट्रॉली त्यानं खालच्या नावात, साध्या लांगे नेबियोलोत घातली. मी रडवेली होऊन म्हणाले, पुढं कधी दुरुस्त करता येईल ना? तो म्हणाला, "नाव खाली उतरवता येतं, पोरी. वर चढवता येत नाही." हा नियम मात्र कागदावरचाही आहे आणि खराही.

हद्दीचं मला कौतुक नाही, हेही सांगते. जिल्हा फुटला तेव्हा आमचे मामा म्हणाले होते, "राती भंडाऱ्यात झोपलो, सकाळी गोंदियात उठलो. खाट तेच." पाट्या बदलल्या, मामांचं धान काही बदललं नाही.

मग बाबा गेले. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं चढली, आणि मी इटलीला परत आल्यावर दोन महिन्यांनी दादाचा फोन आला. "शुभा, पटवारी म्हणते, हक्कसोड करून देशीन तं बरं होईन. तू तं आता तिकडची झाली. तुले कायले पायजे बांधी?" बहिणीनं बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडून द्यायचा, हे आमच्याकडे ओवाळण्याइतकं सहज धरतात. दादा वाईट नाही. त्याला वाटलं, मी "पाठवून दे कागद" म्हणेन.

मी पिपांच्या मधोमध उभी होते. तोंडातून निघालं, "दादा, पीक तुलेच. एक दाना नोको मले. पन नाव नाही देत."

दादा तीन महिने बोलला नाही. आत्यानं निरोप धाडला, इटलीत राहून पोरगी लई शिकली. शिकलेच! हद्दीबाहेर नेऊन मुरवली की वाइनचं नाव जातं, तो नियम मला मान्य आहे. वाइन बोलत नाही. मी बोलते. मला कोणी खालच्या नावात घातलेलं चालणार नाही, सख्ख्या भावानंही नाही.

समजूत घालायला आईचा फोन येणार हे ठरलेलंच होतं. ती म्हणाली, "मी बी सही केली होती, बाई. मामानं मागतली, मी देल्ली." पुढं ती म्हणाली, "तवापासून मामाच्या घरी गेली की मामी माह्यासाठी पाट टाकते. पयले चुलीपाशी खालीच बसत होतो. आता पाहुनी झाली." मग हळूच म्हणाली, "तू नोको करू सही." फोन ठेवून मी तिथंच बसले आणि हमसून रडले.

जुलैत लांगेत कोवळे जादा घड छाटायचे दिवस. पिएरो कुरकुरला, पण सुट्टी दिली. वरठीला दादा मोटरसायकल घेऊन आला होता. बॅग बांधली आणि थेट भंडाऱ्याला थांबला. तिथं चहा पिताना दुसरीकडे पाहत म्हणाला, "बगळ्यायची बांधी रोवाची ठेवली हाय. तुह्यासाठी." मी कप तोंडाला लावला, नाहीतर तिथंच रडले असते.

घरी आईनं पाट टाकला नाही. खाली बसले तशी विळी आणि वांगी पुढं सरकवली. घर म्हणजे काय ते मला विचाराल तर एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी गुडघाभर चिखलात उतरले. शेजारच्या गावातून बायका रोवण्याला आल्या होत्या. माझी ओळ नागाच्या चालीची. त्या बायकांतली एक धुऱ्यावरच्या आईला म्हणाली, "हे कोन व? तुमची पाहुनी का?"

"पाहुनी कायची?" आई कडाडली. "बांधीवाली हाय ते. सातबाऱ्यावर नाव हाय तिचं."

"बापा! अन् काम काय करते?"

मला वरठीचं स्टेशन आठवलं. आईलाही आठवलं असावं. मग तलावाच्या पाळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दारू बनवते."

बायका कमरेवर हात ठेवून हसत सुटल्या. मी पुढचं रोप चिखलात खोवलं.