वाघाखालची बाई

"लावतो की! त्यात काय?" असं भिकू म्हनला, अन् तिथंच सगळं बिघडलं.

पैज मीच लावली व्हती. दत्तूनानाच्या ट्रंकेतला सर्कशीचा कागदी वाघ काढायचा अन् भर दुपारी अमीनसाबच्या कचेरीच्या दारावर डकवायचा. अमीनसाब म्हंजे आमच्या हिंगोलीचा पोलिसातला मोठा साहेब. त्याचा घोडा दिसला तरी लोकं दुकानाच्या फळ्या लावून घ्यायचे. अन् भिकू म्हंजे शिंप्याचं पोरगं, कुत्रं भुंकलं तरी सुई टोचल्यावानी उडनारं. मला वाटलं, न्हाई म्हनंल, मंग वर्षभर चिडवायला बरं. तर गडी व्हय म्हनला! जिलेबीच्या पुड्यासाठी!

दत्तूनानाच्या दुकानातले किस्से असेच हायत. त्याच्या पोस्टरावानीच एकावर एक चिटकलेले. वरचा सोलायला जावं तर खालून दुसरा निघतो. म्हनून वाघ राहू द्या जरा दारावर, आधी खालचे सांगतो.

*

नाना जुने पोस्टर गोळा करायचा अन् इकायचा. तंबूतल्या सिनेमाचे, नाटकाचे, सर्कशीचे, साबनाचे, बिडीचे. माझ्या बापाच्या लगनाआधीपासून त्याचा हाच धंदा. हॉटेलवाले घ्यायचे, न्हावी घ्यायचे, एखादा देशमुख बैठकीसाठी घ्यायचा. खेळ संपून तंबू उठला, की नाना बादली अन् गोनपाट घिऊन भिंतीपाशी हजर! ओलं गोनपाट पोस्टरावर दाबून धरायचं, कागद फुगला की नखानं हळूहळू सोलायचा.

एकदा गोरेगावच्या बाजारात एका वाण्याच्या घराला नाना असाच चिटकून बसला. भिंत कुडाची, वरून मातीचा लेप. पोस्टर आलं, पर त्याच्या संगं परातीएवढा लेप बी आला. आत वाणी भाकर खाऊन राहिला व्हता, त्याला काड्यांमधून नानाचं तोंड दिसलं.

"आरं, कोन हाय तू? अन् माझं घर काहून सोलून राहिला?"

नाना एकदम थंड. म्हनला, "शेठ, घर तुमचं तुमाला घ्या. मला फकस्त कागद पायजे."

अन् तो लेप नीट उचलून वाण्याच्या ताटाशेजारी ठिवून आला!

*

ह्या धंद्यातला खरा दुश्मन म्हंजे बकरी. पोस्टर डकवायची खळ गव्हाच्या पिठाची, म्हंजे बकरीला ते भाकरीवानीच लागतं. औंढ्याला नानानं एका नटीचं पोस्टर सोलून उन्हात वाळू घातलं अन् नागनाथाचं दर्शन घ्यायला गेला. येतो तवर बकरीनं नटीचं मुंडकं खाल्लं! गळ्याखाली सगळं शाबूत.

मथुराकाकू, म्हंजे नानाची बायको, लई बोलली. "आता ह्या बिनमुंडक्या बाईला कोन घेईन?"

"कापडवाला घेईन," नाना म्हनला.

अन् खरंच गळ्यात मारलं त्याच्या! "लुगडं बगा शेठ, लुगडं! तोंड असतं तर गिऱ्हाईक तोंडच बगत बसलं असतं."

तवापासून काकू खळीत मोरचूद घालू लागली. निळा खडा असतो तो, कडू जहर. बकरी जीभ लावती अन् शिंकरून मागं सरती. नानाला जवळचं दिसत न्हवतं, म्हनून चिटकवायचं सगळं काम काकूकडं. कागदाच्या मागं मांजरपाट लावायचं, खळ फासायची, हात फिरवायचा. काम करता करता तोंडाचा पट्टा चालूच, "एक दिवस हे सगळे कागद चुलीत घालते का न्हाई बगा!"

*

मंग ते वाईट दिवस आले. तिकडं वाशीमला स्वराज्याचा झेंडा लागला, इकडं आमच्याकडं राज निजामीच. झेंड्याचं नुसतं चित्र घरात सापडलं तरी मानूस आत! जवान येऊन उतरंडी उपसायचे, गोधड्या उसवायचे. कागद म्हनलं की लोकं भ्यायचे, अन् नानाचं तर घरच कागदाचं!

नानाची झोप उडाली. रस्त्यानं घोड्याची टाप वाजली की त्याच्या हातातला चहा बशीत. एक दिवस साबनाचं एक पोस्टर घिऊन माझ्याकडं आला. त्यातल्या बाईचं लुगडं हिरवं, चोळी पांढरी अन् कपाळाला शेंदरी कुकू.

"गण्या, लेका, तू चौथीपातूर शिकलेला. हे तीन रंग व्हतात का रे?"

"नाना, ती बाई धुनं धुऊन राहिली."

"आरं पर कोन्या रंगात धुऊन राहिली!"

चोळीवर हळद फासली, तवा कुठं त्याच्या नरड्याखाली भाकर उतरली.

*

अन् त्याच हप्त्यात अमीनसाबचा घोडा दुकानापुढं! नानाच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. मी पळावं म्हनलं, तर दारात घोडा.

साब आत आला. छडीनं एकेक कागद उलटा केला. मंग म्हनला, "घर की दीवार खाली है. कुछ अच्छा दिखाओ."

नानानं ताजमहाल काढला. साबनं भाव विचारला, तर नानाचा आवाजच निघंना. साबला वाटलं, बुढ्ढा जास्ती मागून राहिला. त्यानं आपनच एक भाव सांगितला. नाना गप. साबनं अजून कमी केला. नाना गप! शेवटाला साब चिडला, ताजमहाल फुकट काखोटीला मारला अन् वर आमालाच म्हनला, "बहोत अड़ियल आदमी है!"

दुसऱ्या दिवशी तो डकवायला काकू साबच्या घरी गेली. सकाळची गेली ती दुपारून आली. तवर नानानं दारात येरझारा घालून घालून चपलेचा अंगठा तोडला.

"काहून एवढा टाइम लागला गं? काई इचारलं का त्यानं?"

"ते कुठं घरी व्हते! बाईसाब व्हत्या. चौकट नगं म्हनल्या, काच नगं म्हनल्या, भिंतीलाच पक्का डकव म्हनल्या. अन् उंच लावावा लागला. बैठकीतच शहजादी बांधत्यात न."

शहजादी म्हंजे साबची बकरी. दिवसा कचेरीच्या आवारात मोकळी, सांजच्याला घरात. तिला हाड म्हनायची कोनाची टाप न्हवती.

*

आता वाघाकडं या.

तो वाघ म्हंजे नानाचा जीव. आगीच्या रिंगनातून उडी मारनारा, मानसाएवढा उंच. एका देशमुखानं लई मागितला, तर नाना म्हनला, "वाघ इकून दुकानात काय माश्या मारत बसू?" मागल्या साली काकूनं माहेराहून, वाशीमकडून आल्यावर, त्याला नवं मांजरपाट लावून दिलं. तवापासून वाघ जरा जाड लागायचा हाताला. नानाला वाटलं, काकूनं मनापासून काम केलं!

माझा बेत सोपा व्हता. भिकूनं वाघ लावायचा, आमी घडीभर हसायचं, अन् ओलं गोनपाट लावून वाघ परत ट्रंकेत. नानाला पत्ता लागायच्या आत!

पहाऱ्यावरचा जवान डुलक्या घेत व्हता. भिकूनं वाघ लावला अन् धूम पळत माझ्याकडं लिंबाखाली आला.

"गण्या, जिलेबी नगं मला. वाघ काढून दे रे!"

"काढतो की," म्हनून मी उठलो, तर शहजादी आली. तिनं वास घेतला. अन् शेपटीपासून सुरवात केली!

आमी लांबूनच "हाड! हाड!" करतो, पर कुजबुजून, जवान जागा होईन म्हनून. तिनं शेपूट खाल्ली. मागचे पाय खाल्ले. भिकू रडून राहिला, "नानाचा वाघ गेला रे!" तिनं पोट फाडलं अन् मला वाटलं, मला ऊन लागलं. वाघाच्या पोटात बाईचे पाय! पैंजन घातलेले! मंग लुगड्याचा काठ. मंग हात. अन् हातात झेंडा. तोच, तीन रंगाचा!

तिथं शहजादीनं जीभ लावली, शिंकरली अन् मागं सरली. बाईला तिनं दात बी लावला न्हाई.

कचेरीच्या दारावर वर वाघाचं मुंडकं, खाली झेंडा घेतलेली बाई. अन् जवानानं डोळे उघडले.

*

वाघ कोनाचा, हे समद्या हिंगोलीला ठावं. नानाला धरून आनला. मागून दोघं जवान ट्रंक घिऊन आले. उभ्या जन्माची कमाई त्यात. साबनं ती अंगनात ठिवली अन् जवानाच्या हातात काडीपेटी दिली.

भिकूला राहवलं न्हाई. माझ्याआधी तोच पुढं झाला. "साब, वाघ म्या लावला! गण्याच्या पैजेपायी! जिलेबीपायी!"

"शेर को छोड़!" साब गरजला. "शेर के नीचे ये औरत किसने लगाई?"

मी नानाकडं पाहिलं. नाना दाराकडं पाहत व्हता, डोळे बारीक करून.

"साब, माझ्या वाघाच्या पोटात बाई व्हती, हे मला आत्ताच कळून राहिलं."

"झूठ! जला दो सब."

नाना जाऊन ट्रंकेवर बसला. "साब, मी म्हातारा हाय, वाळलो बी हाय, चांगला पेटन. पर ह्याला हात लावू नका."

जवानानं काडी वढली. तेवढ्यात काकू आली. हाताला खळ तशीच, कोपरापातूर निळी. तिनं आधी फुंकर मारून काडी इझवली, मंग साबपुढं उभी राहिली.

"वाघ त्यायचा हाय. खालची बाई माझी. माहेराहून म्या आनली, म्याच डकवली. त्यायला दिसत न्हाई, त्यायला काय इचारता?"

नानाचं तोंड उघडंच राहिलं. "मथुरे, तू तर कागद चुलीत घालनार व्हती!"

"तुमी गप बसा. बाईच्या खळीत मोरचूद घातला साब, टिकवायची व्हती म्हनून. वाघाला साधी खळ. बरे दिवस आले की तो काढायचा व्हता."

साबचा चेहरा काळानिळा. छडी बुटावर आपटली. "और कितने चिपकाए? बोलो!"

"अजून एकच."

"कहाँ?"

काकूनं पदर सावरला. "तुमच्या बैठकीत. ताजमहालाखाली. बाईसाबनंच मागून घेतली. म्हनल्या, वरून साधी खळ लाव."

शहजादी दारात उभी राहून वाघाचा कान चघळत व्हती. साबनं आधी तिच्याकडं पाहिलं. मंग त्यानं जवानाच्या हातातली काडीपेटी घेतली, खिशात टाकली.

"सुनो," तो जवानाला म्हनला, "ये बकरी आज से घर में नहीं बंधेगी."