बाराव्याच्या घरी गेलेला मेसेज

"पुढची संधी कोणाची द्यावी म्हणतां? घरांत आतां आई एकलीच आहे."

फोनवरचा माणूस ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी हातात कॉफीचा तंबलर घेऊन उभी होते. मला आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी नाव सांगितलं: वेंकट राव. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या वडिलांचा बारावा झाला होता. स्वयंपाक आमच्या कमलाक्काने केला होता. आणि त्यांच्या फोनवर आमचा एक मेसेज गेला होता.

तो मेसेज मी लिहिलेला होता.

मी जानकी. कुंभकोणमची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरला आले, तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्यात चार वर्षं एका एजन्सीत नोकरी केली, लिहायची मराठी तिथे शिकले. तिथल्या मुली माझं बोलणं ऐकून हसायच्या, बखर ऐकल्यासारखं वाटतं म्हणायच्या. परत आल्यावर मी इथल्या लहान दुकानांचं सोशल मीडिया सांभाळायला लागले. पितळी समयांचं दुकान, दारासुरमचे दोन पट्टूसाडीवाले, म्हणजे रेशमी साड्यांचे, एक मुरुक्कूवाली, म्हणजे चकलीवाली, असे नऊ क्लायंट होते. कमलाक्का दहावी.

कमलाक्का श्राद्धाचा स्वयंपाक करते. दहावा, अकरावा, बारावा आणि दर वर्षाची तिथी. कांदा-लसूण नाही, हिंग नाही, लाल मिरचीऐवजी मिरी, कच्ची केळी, कारलं, तिळाचे लाडू, उडदाचे वडे. सगळं सोवळ्यात, ओल्या लुगड्यात आणि विहिरीच्याच पाण्याने. म्हणून तिने नदीजवळच्या गल्लीत विहीर असलेलं जुनं घर भाड्याने घेतलं आहे. पण कामं कमी होत चालली होती. घरातली म्हातारी माणसं तिला ओळखायची. आता ठरवतात ती त्यांची बंगळूरला, अमेरिकेला असलेली मुलं, फोनवर बघून. फोनवर कमलाक्का नव्हतीच. घरमालकाने सांगितलं होतं, काम चालत नसेल तर जागा मोकळी करा. तिचा मुलगा तिला होसूरला बोलावत होता.

"तिथें विहीर कोठें?" ती मला म्हणाली होती. "तिथें मी काय करूं? सून वाढील तें खाऊन टीव्ही बघत बसूं?"

मी पेज सुरू केलं. सोवळ्यातल्या बाईचा फोटो काढायचा नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून विहीर, केळीची पानं, सोललेली कारली, घासून पालथी घातलेली भांडी, एवढेच फोटो टाकले. काय चालतं, काय चालत नाही याची यादी तमिळ आणि मराठीत लिहिली. पेज चाललं. चार महिन्यांत अकरा घरची कामं आली. मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

घोळ झाला तो ऑटोमेशनमध्ये. ऑटोमेशन म्हणजे माणसाने पाठवायचा निरोप मशीनने पाठवणं. दहाही क्लायंटच्या ऑर्डरी मी एकाच टूलमध्ये ठेवत असे. काम झालं की नावापुढे 'पूर्ण' अशी खूण करायची, म्हणजे गिऱ्हाइकाला आपोआप व्हॉट्सअ‍ॅप जातो. त्याचा मजकूर ठरलेला असतो, त्याला टेम्प्लेट म्हणतात. कमलाक्काच्या ऑर्डरींवर खुणा करायच्या राहून गेल्या होत्या. रविवारी बसून मी अकराही घरांपुढे एका दमात 'पूर्ण' केलं.

अकरा घरी मेसेज गेला. "आमची निवड केल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! लवकरच पुन्हा सेवेची संधी द्याल अशी आशा. जेवण कसं वाटलं? पाच स्टार देऊन जरूर कळवा." खाली हसरा चेहरा.

साडीच्या दुकानासाठी लिहिलेला मजकूर होता तो.

बाराव्याच्या घरातून निघताना आमच्यात 'येतें' म्हणत नाहीत. घरातलेही 'या' म्हणत नाहीत. कमलाक्का तर काम झालं की भांडी उचलते आणि मागच्या दाराने निघून जाते, वळूनही बघत नाही. हे मला शिकवावं लागलं नव्हतं. माझ्या आईच्या बाराव्याला मी तिला तशी जाताना पाहिलं होतं. तरीही मी अकरा घरांना लिहून कळवलं की लवकर पुन्हा बोलवा. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

वेंकट रावांना मी फक्त "चुकलें" म्हणू शकले. त्यांनी फोन ठेवला. नऊ वाजता वाद्यारांचा फोन आला. वाद्यार म्हणजे आमच्याकडचे भटजी. मराठी घरांतली बहुतेक श्राद्धं तेच करतात आणि स्वयंपाकाला कोणाला बोलवायचं तेही लोक त्यांनाच विचारतात.

"जानकी, तूं शिकलेली पोर. श्राद्धाचें जेवण जेवतांना गोड-खारट बोलूं नये, यजमानानें विचारिलें तरी बोलूं नये, हें ठाऊक आहे कीं नाहीं?"

"ठाऊक आहे, मामा."

"मग स्टार कसले मागतेस?"

"चुकलें, मामा."

"मी आतां कमलेचें नांव कोणत्या तोंडानें सांगूं? लोक मला विचारतील."

म्हणजे संपलंच. पेजवरून अकरा कामं आली तरी उरलेली सगळी त्यांच्या तोंडच्या नावावर चालत होती. ते गेलं की विहिरीचं घर गेलं. आणि हे मी केलं होतं, तिने नव्हे.

मी स्कूटर काढून तिच्याकडे गेले. ती मागच्या ओसरीवर केळी सोलत होती. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, तिने काही वाचलेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. तिने मेसेज मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. 'पाच स्टार' म्हणजे काय तेही समजावून सांगावं लागलं.

"किती घरीं गेलें हें?"

"अकरा. अक्का, मी आत्तां माफीचा मेसेज टाकतें. सगळ्यांना एकदम जाईल."

"आणिक एक? पुरे कर, पोरी." तिने हात धुतले. "चल. घरें दाखव."

आम्ही तीन दिवस फिरलो. स्कूटरवर मागे कमलाक्का, पदर खोचून, एका बाजूला बसलेली. चार घरं गावातच, दोन दारासुरमला, एक पापनाशमला. परगावच्या चौघांना मी तिच्यासमोर फोन लावून दिले. ती सगळीकडे एकच बोलली: "माझ्या नांवानें चुकीचा निरोप आला. तो माझा नव्हे. मनांत ठेवूं नका." माझं नाव तिने एकाही ठिकाणी घेतलं नाही. दोन घरी मेसेज कोणी उघडलाच नव्हता, तो आम्ही जाऊन वाचायला लावला. पापनाशमला फाटकच उघडलं नाही.

वेंकट रावांचं घर शेवटी ठेवलं होतं, कारण मला भीती वाटत होती. ते दारात येऊन उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत. कमलाक्काने तिचं वाक्य म्हटलं.

"ठीक," ते म्हणाले. "ऐकिलें."

तेवढ्यात आतून आवाज आला. "कोण, कमला कीं? आंत पाठव तिला."

त्यांची आई आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. ऐंशीच्या पुढची, बारीक, कपाळ मोकळं. बारा दिवसांत रडून झालेलं असावं, डोळे कोरडे होते. मुलगा आमच्या मागे येऊन उभा राहिला.

"ह्याला वाटतें तुम्हीं माझ्या मरणाची वाट बघतां," ती म्हणाली. "मी बघत्यें वाट. त्यांत लपवायचें काय?"

"आई, पुरे," वेंकट राव म्हणाले.

"तूं गप्प बैस. कमला, माझ्या वेळेस तूंच ये. ह्याला सांगून ठेवित्यें. पण अतिरस मऊ कर. त्यांच्या वेळेचा कडक झाला होता."

अतिरस म्हणजे आपला अनारसाच म्हणा. गुळाचा पाक जरा पुढे गेला की तो कडक होतो. वेंकट राव जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, कमलाक्का आता काहीतरी सांत्वनाचं बोलेल, असं बोलू नये म्हणेल. ती म्हणाली, "पाक पुढें गेला. माझ्याही ध्यानांत आलें होतें." मग तिने म्हातारीच्या पायाला हात लावला आणि आम्ही निघालो. वेंकट राव फाटकापर्यंत आले.

महिनाभर वाद्यारांनी तिचं नाव कोणाला सांगितलं नाही. मग एका तिथीला सांगितलं, मग दुसऱ्या. वेंकट रावांनी त्यांच्याशी काही बोलणं केलं असावं. मी विचारलं नाही. विहिरीचं घर राहिलं. पेजही आहे, पण त्यावर आता फोटो, यादी आणि एक फोन नंबर एवढंच आहे, आणि तो नंबर कमलाक्काच्या बटणांच्या फोनचा. धन्यवाद नाही, हसरा चेहरा नाही, रिव्ह्यूची सोय बंद. बाकी नऊ क्लायंटचे टेम्प्लेट मी एकेक वाचून काढले. नवीन माणूस काम घेऊन आला की पहिला प्रश्न विचारते, तुमच्या गिऱ्हाइकाने तुमच्याकडे पुन्हा यावं असं त्याला स्वतःला वाटतं का? बहुतेक जण हसतात. मागे एक डायलिसिस सेंटरवाले आले होते, ते हसले नाहीत.

सात महिन्यांनी वेंकट रावांनी कमलाक्काला फोन केला. त्यांच्या आईच्या बाराव्याच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले होते. ती पाकाजवळून हलली नाही, पाण्यात थेंब टाकून टाकून बघत होती. श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो, हाताच्या अंदाजावरच सगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या मागच्या दाराने भांडी घेऊन निघाली आणि घरी आली, तेव्हा मी ओसरीवर होते. मला राहवलं नाही. विचारलं, "अक्का, अतिरस मऊ झाले?"

"कोण सांगेल?" ती म्हणाली, आणि भांडी विहिरीपाशी घासायला घेऊन गेली.